अकरा वाक्ये आणि चुकलेले ठोके

आयुष्यातील बत्तीस वर्षे मी रंगमंचावर घालवली, असे लिहिण्याचा मोह होतो. पण ते खरे नाही. ती मी रंगमंचाच्या शेजारी घालवली. जबलपूरच्या आमच्या मराठी मंडळाचे स्नेहसंमेलन संक्रांतीनंतरच्या रविवारी भरते. त्यात एक तीन अंकी नाटक असतेच, आणि त्या नाटकाच्या वेळी डाव्या विंगेत, पडद्याच्या दोऱ्या आणि पाण्याचा माठ यांच्यामधल्या अरुंद जागेत, लोखंडी खुर्चीवर वही घेऊन मी बसलेला असे. मी मंडळाचा प्रॉम्प्टर होतो. दिवसा सिहोऱ्याच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. तेथे इतरांना हळू बोलायला सांगायचे आणि येथे स्वतः हळू बोलायचे, एवढ्या भांडवलावर माझा सारा सार्वजनिक व्यवहार चालला.

आमच्या मंडळात प्रॉम्प्टरचे काम इतर गावांतल्यापेक्षा थोडे जड असते. आमची तरुण मंडळी घरी मराठी ऐकतात, समजतात, आणि उत्तर हिंदीत देतात. चार-चार ओळींची मराठी भाषणे पाठ करणे त्यांना जमत नाही. त्यामुळे विसरलेला शब्द पुरवणे हे माझे काम नव्हतेच. मी सबंध नाटक विंगेतून म्हणत असे आणि नट ते माझ्यामागून मोठ्याने म्हणत. विंगेतून जे येईल ते जसेच्या तसे उच्चारायचे, विचार करायचा नाही, ही शिस्त आमच्या चिटणिसांनी सर्वांच्या अंगी इतकी बाणवली होती, की एका वर्षी मी "भैया, थोडे मागे सरका, पडदा अडकेल" असे कुजबुजलो तेव्हा सेनापतीने तलवारीवर हात ठेवून राणीला गंभीरपणे तेच ऐकवले. राणी मागे सरकली. पडदा अडकला नाही.

चिटणीस नाटक स्वतः लिहितात, स्वतः बसवतात आणि मध्यंतरात स्वतःच चहाची व्यवस्था पाहतात. मी निवृत्त झालो त्या वर्षी त्यांच्या नाटकात तिसऱ्या अंकात एक निवृत्त न्यायाधीश येत होते. ते काम करणाऱ्या गृहस्थांची ऐन डिसेंबरात भोपाळला बदली झाली. चिटणिसांचे साडू त्या भूमिकेवर डोळा ठेवून होते; परंतु साडूंना काम दिले तर घरात वरचढ कोण हा प्रश्न पुन्हा निघेल, या भीतीने चिटणीस माझ्याकडे आले.

"लायब्रेरियन साहेब, अकरा वाक्यं आहेत. बत्तीस वर्षं दुसऱ्यांची म्हटली, आता आपली म्हणा."

मी नाही म्हणायला तोंड उघडले आणि तेवढा आवाज न निघाल्यामुळे होकार गृहीत धरला गेला. मात्र घरी परतताना माझ्या लक्षात आले की मला आनंद झाला आहे. इतका आनंद मला महाविद्यालयाच्या निरोप-समारंभातही झाला नव्हता. न्यायाधीशांनी दोन्ही हात पाठीमागे बांधून प्रवेश करायचा, थोडे थांबायचे आणि पहिले वाक्य म्हणायचे: "मी कोणताही निर्णय घाईने देत नसतो." हे वाक्य मी न्हाणीघरात, गच्चीवर, दुधाच्या रांगेत, मनातल्या मनात इतक्या वेळा म्हटले, की त्याचा अर्थ उरला नाही.

माझी वही आणि खुर्ची पत्नीकडे गेली. ती नागपूरची आहे. तिच्या आवाजाची कुजबुज होऊ शकत नाही. ती फार तर बोलण्याचा वेग कमी करते.

तालमी मंडळाच्या वरच्या मजल्यावरील सभागृहात सुरू झाल्या. तिसऱ्या की चौथ्या तालमीला, माझा प्रवेश येण्यापूर्वी, छातीत धडधड सुरू झाली. मला त्याचे काहीच नवल वाटले नाही. ज्या माणसाला बस-कंडक्टरकडे तिकीट मागतानासुद्धा धडधडते, त्याच्या दृष्टीने ती एक ओळखीची गोष्ट असते. शाळेत हजेरी देताना धडधडले, मुलगी पाहायला गेलो तेव्हा धडधडले, आणि तेथे तर मुलीनेच मला दोन प्रश्न विचारून मोकळे केले होते. तेव्हा आताही धडधडणारच, असे मी ठरवून टाकले. फक्त यावेळची धडधड जरा विचित्र होती. पूर्वीची धडधड म्हणजे घोडा दौडत जावा तशी, वेगवान पण एकसारखी. ही मात्र दोन ठोके भराभर, मग थोडी पोकळी, मग एक जोराचा, मग तीन घाईघाईने, अशी चालली होती. तालीम न केलेल्या लेझीम पथकासारखी.

प्रॉम्प्टरची एक सवय असते. नट जेथे अडखळतो तेथे समासात पेन्सिलीने बारीक फुली करायची. माझी अकरा वाक्ये मी एका नव्या वहीत उतरवून घेतली होती, तिच्यात तशी फुली केली आणि शेजारी वार लिहिला. पुढच्या आठवड्यात फुल्या पाच झाल्या.

सहावी फुली करायला वहीत जागाच नव्हती, कारण त्यावेळी मी नाटकात नव्हतो. मी मटार सोलत होतो. जानेवारीत आमच्या घरी जवळच्या पाटण गावाकडचा मटार पोत्याने येतो आणि उन्हात बसून तो सोलण्याचे काम माझ्याकडे असते, कारण त्यात कोणाशी बोलावे लागत नाही. त्या दुपारी ना प्रेक्षक होते, ना चिटणीस; समोर परात, मागे ऊन. आणि छातीत एकदम तेच लेझीम सुरू झाले. मी हातातली शेंग तशीच धरून बसलो. मटाराला घाबरण्याचे मला काही कारण नव्हते. आजवरच्या माझ्या सिद्धांताला येथे तडा गेला, हे मला त्याच क्षणी समजले. आणि समजल्यावर मी काय केले, तर शेंग सोलली.

याचे कारण सांगायला हवे. हे कोणाला सांगितले असते तर मला घरी बसवले असते, आणि माझी अकरा वाक्ये साडूंना मिळाली असती. साडूंना ती पाठही होती. ते तालमीला येऊन मागच्या रांगेत बसत आणि माझ्याबरोबर ओठ हलवत.

पत्नीला रक्तदाबाचा त्रास आहे आणि तिच्याजवळ दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे यंत्र आहे. मटार सोललेल्या दिवशी संध्याकाळी, माझा चेहरा उतरलेला पाहून, तिने पट्टा माझ्या दंडाला बांधला. यंत्राने आकडे दाखवले आणि आकड्यांच्या खाली हृदयाचे एक छोटेसे चित्र लुकलुकू लागले. तिने चष्मा पुसून पाहिले.

"हे कायले लुकलुक करून राहिलं? सेल संपले वाटते."

सेल बदलले. चित्र लुकलुकतच राहिले, आणि आकडे मात्र पहिल्यापेक्षा वेगळे आले. दुसऱ्या कंपनीचे सेल आणून पाहिले. तिसरेच आकडे आले. मग तिने पट्टा स्वतःला बांधला, तर चित्र नाही. पुन्हा मला बांधला, तर चित्र हजर.

"मशीनले तुमचा हात आवडत नाही," ती म्हणाली. "उद्या दुकानात दाखवून आणा."

मी दुसऱ्या दिवशी नेपियर टाउनमधल्या औषधाच्या दुकानात गेलो. दुकानात सहा-सात गिऱ्हाइके होती. मी यंत्र काउंटरवर ठेवून ते बिघडले असल्याचे सांगितले. दुकानदाराने "क्या?" असे दोनदा विचारले, मग स्वतःच पट्टा बांधला. यंत्र ठीक चालले. शेजारच्या सरदारजींचा हात त्याने मागून घेतला. तेथेही ठीक चालले. मग सर्वांसमक्ष त्याने माझी बाही वर केली. ते हृदय लुकलुकू लागले, आणि सहा-सात माणसे वाकून ते पाहू लागली. त्या क्षणी माझी धडधड किती भीतीची होती आणि किती आजाराची, हे कोणत्याही यंत्राला सांगता आले नसते.

"अंकल जी," दुकानदार म्हणाला, "मशीन एकदम बढ़िया है। इसका मतलब धड़कन बराबर नहीं चल रही। आप डॉक्टर को दिखा लीजिए।"

"अच्छा," मी म्हणालो, आणि यंत्र पिशवीत घालून बाहेर पडलो. सरदारजींनी दारापर्यंत येऊन सांगितले, "आज ही दिखाना, भाईसाहब।"

घरी येऊन मी पत्नीला सांगितले की यंत्र दुरुस्त झाले. विवाहानंतरचे माझे हे पहिले मोठे खोटे असावे. तिने पट्टा स्वतःला बांधून पाहिला, तिला चित्र दिसले नाही, आणि ती दुकानदाराच्या हुशारीचे कौतुक करू लागली. नाटकाला नऊ दिवस राहिले होते. नाटक झाले की सोमवारी जाऊ, असे मी मनाशी ठरवले. एवढे दिवस गेलेच आहेत तर आणखी दहा दिवसांनी काय फरक पडतो, असाही एक विचार मी शिकलेल्या माणसाच्या सफाईने मांडला.

दुसऱ्याच दिवशी तालमीसाठी सभागृहाचा जिना चढताना मला मध्ये थांबावे लागले. दम लागला होता आणि डोळ्यांसमोर क्षणभर अंधारी आली. वर जाऊन मी खुर्चीवर टेकलो. तेवढ्यात चिटणिसांनी पत्नीला विचारले की वहिनी, मशीन आणली का, मला दोन दिवस गरगरते. तिने पिशवीतून यंत्र काढले. चिटणिसांचा दाब ठीक निघाला. मग उत्साहाने साडूंनी हात पुढे केला. त्यांचाही ठीक निघाला. नायकाचे काम करणारा तरुण बँकेत होता, त्याचाही उत्तम निघाला. मी हळूच पाण्याच्या माठाकडे सरकत होतो.

"अहो, या इकडे."

पट्टा आवळला गेला. सुटला. सारे सभागृह यंत्राकडे पाहत होते. चित्र लुकलुकू लागले.

"हे तर दुरुस्त करून आणलं होतं ना?" पत्नी म्हणाली.

मी बाही खाली ओढू लागलो.

"दुकानवाला काय म्हणाला होता?"

बत्तीस वर्षांत त्या सभागृहात माझे वाक्य सर्वांना ऐकू गेले असे तेव्हा प्रथमच घडले. "मशीन ठीक आहे म्हणाला," मी म्हणालो. "मला दाखवून घ्या म्हणाला."

पत्नीने यंत्राची नळी गुंडाळली, पिशवीची चेन लावली आणि माझी वहीसुद्धा उचलली.

"अन् तुम्ही मला सांगून राहिले का दुरुस्त झालं. उठा. आत्ताच्या आत्ता."

"माझा प्रवेश अजून—"

"गेला प्रवेश खड्ड्यात."

साडूंनी मला जिना उतरायला हात दिला. त्यांचा हात फार भक्कम होता, आणि उतरताना ते न्यायाधीशांसारखे सावकाश पावले टाकत होते, असे मला वाटले. कदाचित तो माझा आकस असेल.

रुग्णालयात छातीला, हातापायांना तारा लावून ईसीजी काढला गेला. तो लांबट कागद हाती धरून एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी काय होते ते विचारले. मी सांगितले. त्या म्हणाल्या, "थोडं जोरात, काका." मी पुन्हा सांगितले. त्या आणखी पुढे वाकल्या. तिसऱ्यांदा सांगताना मी पाहिले, की त्या कागदाकडे न पाहता डोळे मिटून ऐकत आहेत.

"तुम्ही मंडळात डाव्या विंगेत बसायचे का?"

मी मान हलवली.

"मी पोपट होते," त्या म्हणाल्या. "बालनाट्यात. सात वर्षांची. तुमचा चेहरा कधी पाहिलाच नव्हता, पण हा आवाज... सगळं नाटक याच आवाजाच्या मागे मागे बोलले मी."

"पोपटाला तेच काम असतं," पत्नी म्हणाली. "याइले काय झालं ते सांगा जरा."

डॉक्टरीणबाईंनी ते सांगितले, आणि माझ्याच धंद्याच्या भाषेत सांगितले. हृदयाच्या वरच्या भागात एक प्रॉम्प्टर बसलेला असतो. तो एक संकेत देतो, वरचे कप्पे आकुंचन पावतात, मग खालचे. एक ठोका पूर्ण होतो. माझ्या बाबतीत वरच्या कप्प्यांत शंभर प्रॉम्प्टर एकाच वेळी कुजबुजू लागले होते, प्रत्येकाचे पान वेगळे. वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, आणि खालच्यांना जो संकेत ऐकू येईल त्यावर ते ठोका देतात. म्हणून ठोके अनियमित. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात.

"पण काका, खरी गडबड ठोक्याची नाही," त्या म्हणाल्या. "वरचे कप्पे थरथरले की रक्त तिथे रेंगाळतं. रेंगाळलं की गाठ होऊ शकते. ती गाठ वर मेंदूत गेली तर लकवा. म्हणून याला टाळायचं नसतं. ये कब से चल रहा है?"

हा प्रश्न महत्त्वाचा होता, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होते. दोनच दिवस झाले असतील तर उपचाराचा एक रस्ता, अधिक झाले असतील किंवा नक्की माहीत नसेल तर आधी काही आठवडे रक्त पातळ ठेवणारे औषध, मग पुढचे. मी म्हणालो, की माझे हृदय वयाच्या पाचव्या वर्षापासून धडधडते आहे. त्यातले हे केव्हापासून, हे वेगळे काढणे कठीण आहे. त्यावर पत्नीने पिशवीतून माझी वही काढून त्यांच्यापुढे ठेवली. समासात फुल्या होत्या, आणि प्रत्येक फुलीशेजारी वार.

डॉक्टरीणबाईंनी फुल्या मोजल्या. पहिलीपासून बारा दिवस झाले होते. मग त्यांचे लक्ष फुलीजवळच्या ओळीवर गेले.

"'मी कोणताही निर्णय घाईने देत नसतो,'" त्यांनी वाचले. "दिसतंच आहे."

मला त्या रात्री ठेवून घेतले. रक्त तपासले, थायरॉइड तपासले, हृदयाची सोनोग्राफी केली. झडपा ठीक होत्या. रक्तदाब मात्र वाढलेला निघाला आणि तो कित्येक महिने तसाच असावा. ठोक्यांचा वेग आवरणारी एक गोळी आणि गाठ होऊ नये म्हणून एक, अशी दोन औषधे सुरू झाली. त्यांची नावे मी येथे मुद्दाम देत नाही. ती माझे वय, माझा रक्तदाब आणि माझे मूत्रपिंड पाहून ठरवली होती, शेजाऱ्याने मागून घेण्याची ती वस्तू नव्हे.

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी मला नाडी पाहायला शिकवले. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला, दोन बोटे हलकेच ठेवायची आणि पूर्ण एक मिनिट मोजायचे. भीतीची नाडी भरभर चालते, पण एकसारखी. भीती सरली की हळूहळू निवते. ही दुसरी मात्र कारण नसताना सुरू होते आणि तिला ताल नसतो. अशी नाडी लागली, थांबून थांबून पुन्हा येऊ लागली, तर त्याच एक-दोन दिवसांत दाखवायचे, समारंभ संपण्याची वाट पाहायची नाही. त्याबरोबर छातीत दुखले, दम लागला, चक्कर किंवा अंधारी आली तर थेट रुग्णालय. आणि तोंड वाकडे झाले, एक हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर एक मिनिटसुद्धा घालवायचे नाही.

"यांचं बोलणं अडखळलं हे कसं ओळखायचं?" पत्नीने विचारले. तिचा हेतू खरोखर माहिती घेण्याचा होता.

मी सर्वांत शेवटी, दारातून मागे वळून, नाटकाबद्दल विचारले. डॉक्टरीणबाईंनी तिसऱ्यांदा विचारायला लावले नाही. शुक्रवारी पुन्हा येऊन ईसीजी काढायचा. वेग आटोक्यात असेल आणि जिना चढताना त्रास नसेल तर अकरा वाक्ये म्हणायला हरकत नाही. एकही गोळी चुकवायची नाही.

शुक्रवारपर्यंतचे दिवस मी एखाद्या विद्यार्थ्यासारखा परीक्षेच्या निकालाची वाट पाहत काढले. साडू रोज संध्याकाळी प्रकृतीची चौकशी करायला येत. ते खरोखर आस्थेने येत, हे मी कबूल करतो. पण प्रत्येक वेळी पाठीमागे हात बांधून दारात उभे राहत. शुक्रवारी वेग आटोक्यात निघाला. वरच्या कप्प्यांतली गर्दी अजून पूर्णपणे पांगली नव्हती. ती कधी पांगते, कधी जमते, असे चालेल, असे त्या म्हणाल्या.

रविवारी सभागृह भरले. तिळगूळ वाटून झाला. तिसऱ्या रांगेत डॉक्टरीणबाई आईबरोबर बसल्या होत्या. तिसरा अंक आला, मी हात पाठीमागे बांधले आणि प्रकाशात पाऊल टाकले.

छातीत धडधड सुरू झाली.

न्यायाधीशांनी येथे थोडे थांबायचे होते. मी थांबलो, आणि पाठीमागे बांधलेल्या हातांपैकी उजव्या हाताची दोन बोटे डाव्या मनगटावर ठेवली. नाडी भरभर चालली होती. मी मोजू लागलो. दहा, वीस. ठोक्यामागून ठोका, अगदी एकसारखा, मध्ये पोकळी नाही, घाईने आलेला आगंतुक नाही. तीस. घोडा दौडत होता. ही तीच होती, हजेरीची, तिकिटाची, मुलगी पाहण्याची. माझी स्वतःची, जन्मभराची भीती. तिला इतक्या दिवसांनी भेटून मला भरून आले. मी चाळीसपर्यंत पोहोचलो आणि नाटक चालू आहे हे पूर्णपणे विसरून गेलो.

डावीकडून पत्नीने माझे पहिले वाक्य दिले. मी पन्नासवर होतो. तिने ते पुन्हा दिले. मग ती तिच्या परीने कुजबुजली:

"बोला ना आता, काहून थांबून राहिले?"

नायकाचे काम करणारा बँकेतला तरुण शिस्तीचा होता. विंगेतून वाक्य आले होते. त्याने माझ्यासमोर वाकून, हात जोडून, खणखणीत आवाजात म्हटले, "बोला ना आता, काहून थांबून राहिले?"

सभागृहात हशा उसळला. चिटणिसांनी विंगेत कपाळाला हात लावला. मी मनगट सोडले, समोर पाहिले, आणि शेवटच्या रांगेतल्या साडूंनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "मी कोणताही निर्णय घाईने देत नसतो."

या वाक्याला हसण्यासारखे काही नव्हते, आणि कोणी हसलेही नाही. फक्त तिसऱ्या रांगेत एक बाई हसू लागल्या, त्या बराच वेळ थांबेनात, आणि शेजारी त्यांची आई त्यांना गप्प बसायला सांगत होती.